हातात एक्का-बादशहा, तरी पॅक

यंदाच्या आखाजीला अमळनेरला आमच्या अंगणात पत्त्यांचा डाव बसला होता. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि खान्देशात त्या दिवशी झोके, गौराईची गाणी, खापरावरची पुरणपोळी, आंब्याचा रस आणि दुपारच्या उन्हात निंबाखाली पत्ते. सालदाराचं वर्ष याच दिवशी संपतं आणि नवं ठरतं, त्यामुळे गावाला एक दिवस खरोखरची सुट्टी असते. आमच्याकडे पूर्वी मेंढीकोट चालायचा, रमी चालायची. शिकायला पुण्याला गेलेल्या पुतण्यांनी गेल्या काही वर्षांत पोकर आणलं. डावावर पैसे लावायचे नाहीत ही माझ्या वडिलांच्या वेळची घरची अट, म्हणून आम्ही चिंचोक्यांवर खेळतो.

दहा जण बसले होते, प्रत्येकी १०० चिंचोके. ज्याचे संपले तो उठला. साडूंनी फैजपूरहून केळीच्या वेफर्सची १०० पाकिटं आणली होती, ती बक्षीस. पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०, चौथ्याला काही नाही. चार वाजेपर्यंत आम्ही चौघे उरलो. शेजारच्या नानांकडे ५०० चिंचोके, माझ्याकडे ३००, धाकट्या पुतण्याकडे १५० आणि साडूंकडे अवघे ५०. नानांनी आपला सगळा ढीग पुढे सरकवला. मी पानं उचलली तर इस्पिकचा एक्का आणि इस्पिकचाच बादशहा. मी थोडा वेळ थांबलो आणि पानं उपडी टाकून दिली.

डाव संपल्यावर ती दाखवली तेव्हा पुतण्या जागचा उठलाच. "काका, एक्का-बादशहा कोनी टाकस का?"

मी कॉलेजात बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. प्रश्न माझ्याच विषयाचा होता, पण रसाच्या वाट्या आल्या आणि उत्तर अर्धवट राहिलं. ते इथे पूर्ण लिहितो, कारण पोकर सध्या बातम्यांतही आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्याला संमती दिली. तेव्हापासून मला अनेकांनी विचारलं की या पोकरमध्ये डोकं लागतं की निव्वळ पत्ता. चांगली पानं कधी टाकायची, हा त्या प्रश्नातला सगळ्यात अवघड भाग आहे. तो समजला तर बाकीचं आपोआप समजतं.

खेळ थोडक्यात

सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पानं उपडी मिळतात. मग मध्ये सगळ्यांसाठी मिळून पाच पानं उघडतात: आधी तीन एकदम, मग एक, मग आणखी एक. आपली दोन आणि मधली पाच, या सातांतून ज्याची सर्वांत भारी पाच पानं जुळतील तो जिंकला. दोन पानं मिळाल्यावर आणि मधली पानं उघडतील तशी चिंचोके लावण्याची फेरी होते.

ज्यांना तीन पत्ती येते त्यांना निम्मी भाषा आधीच येते. पानं टाकून डावातून बाहेर पडणं म्हणजे पॅक. सगळे चिंचोके एकदम लावणं म्हणजे ऑल-इन. फक्त 'ब्लाइंड' या शब्दाने गोंधळ होतो. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे आळीपाळीने दोघांनी पानं वाटण्याआधीच टाकायची सक्तीची रक्कम, एक छोटी आणि एक मोठी. मोठीला बिग ब्लाइंड म्हणतात. आमच्या त्या डावात छोटा ब्लाइंड १० आणि मोठा २० चिंचोक्यांचा होता. स्पर्धा पुढे सरकते तसे ब्लाइंड वाढवत नेतात, नाहीतर डाव दिवाळीपर्यंत संपायचा नाही.

भारी पानं किती भारी असतात?

बावन्न पानांतून दोन पानं १,३२६ प्रकारे येऊ शकतात. त्यांत एक्क्याची जोडी फक्त सहा प्रकारे बनते, म्हणजे सरासरी २२१ वाटपांत एकदा. एक्क्याची, बादशहाची, राणीची जोडी आणि एक्का-बादशहा, हे सगळं मिळून धरलं तरी साधारण ३९ वाटपांत एकदाच असं काही हाती येतं. दोन तास दुऱ्या-सत्त्या टाकत बसल्यावर अशी पानं आली की ती हातातून सुटत नाहीत. ती टाकायची म्हटलं की जिवावर येतं, आणि त्याचं कारण हेच आहे.

पण भारी म्हणजे अजिंक्य नव्हे. एक्क्याची जोडी कुठल्याही अनोळखी दोन पानांविरुद्ध शंभरात साधारण ८५ वेळा जिंकते. समोर बादशहाची जोडी असेल तर ८२ वेळा. एक्क्याची जोडी घेऊन एकाऐवजी आठ जणांशी एकदम भिडलात तर जिंकण्याची शक्यता ३५ टक्क्यांच्या आसपास येते. जोडी तीच असते, एकाला पुरी पडणारी जोडी आठांना पुरत नाही.

एक्का-बादशहाची गोष्ट आणखी नाजूक. दिसायला राजेशाही, पण ती अजून जोडी नाही. मधल्या पहिल्या तीन पानांत एक्का किंवा बादशहा उतरण्याची शक्यता साधारण तीनात एक असते. पाचही पानं उघडेपर्यंत काही लागलंच नाही तर समोरची दुरीची जोडीही जिंकते. अनोळखी पानांविरुद्ध एकाच रंगाचा एक्का-बादशहा शंभरात ६७ वेळा जिंकतो, वेगवेगळ्या रंगांचा ६५ वेळा. राणीच्या जोडीसमोर तर तो थोडा मागेच असतो, रंगाप्रमाणे ४३ ते ४६ टक्के.

६७ टक्के म्हणजे कमी नाहीत. तीनात दोनदा जिंकणारी पानं कोणी टाकतं का, असं पुतण्या म्हणाला तर त्याचं चूक नव्हतं. तीन पत्तीच्या डावात किंवा रोख पोकरमध्ये मी ती टाकली असती तर ती चूकच ठरली असती. स्पर्धेत हिशेब बदलतो.

चिंचोके आणि पाकिटं

रोखीच्या डावात १०० रुपयांचा चिंचोका १०० रुपयांचाच असतो. हरलात तर १०० गेले, जिंकलात तर १०० आले, उठून जावंसं वाटलं तर उरलेले घेऊन जाता. स्पर्धेत चिंचोके घरी नेता येत नाहीत, घरी जातात ती पाकिटं. आणि पाकिटं चिंचोक्यांच्या प्रमाणात मिळत नाहीत, तुम्ही कितवे उठलात त्यावर मिळतात. पहिला येणाऱ्याकडे शेवटी सगळे, हजारच्या हजार चिंचोके जमा होतात, पण त्याला पाकिटं मिळतात ५०. उरलेली ५० पाकिटं अशा दोघांना मिळतात ज्यांच्याकडे शेवटी एकही चिंचोका नसतो.

ही एवढी गोष्ट नीट मनात बसली की पुढचं सगळं कळतं.

चौघे उरलेत आणि चौघांकडेही २५० चिंचोके आहेत असं धरा. चौघांची स्थिती सारखी, म्हणून प्रत्येकाची आशा, म्हणजे सरासरीने जेवढी पाकिटं मिळतील तो आकडा, १०० पाकिटांच्या चौथ्या हिश्शाची, २५ ची. आता तुम्ही एकाशी ऑल-इन भिडलात आणि जिंकलात. तुमच्याकडे ५००, बाकी दोघांकडे २५०-२५०. चिंचोके दुप्पट झाले. मग पाकिटांची आशाही दुप्पट, ५० झाली का? नाही. ५० तर पहिल्या नंबरचं पूर्ण बक्षीस आहे, आणि अजून दोघं समोर बसलेत.

हे मोजण्याची एक रूढ रीत आहे. तिला पोकरवाले आयसीएम म्हणतात. तिचं मूळ घोड्यांच्या शर्यतीत आहे. कुठला घोडा कितवा येईल याची शक्यता काढायची रीत डेव्हिड हार्व्हिल यांनी १९७३ मध्ये मांडली आणि तीच कल्पना मेसन मालमथ यांनी १९८७ मध्ये पोकरला लावली. रीत साधी आहे. एकूण चिंचोक्यांतला तुमचा वाटा म्हणजे तुम्ही पहिले येण्याची शक्यता. दुसऱ्या नंबरसाठी, पहिला आलेला बाजूला काढून उरलेल्यांत पुन्हा तोच वाटा काढायचा. तिसऱ्यासाठीही तसंच.

५००, २५०, २५० ला ही रीत लावू. पहिले येण्याची शक्यता निम्मी, त्याची २५ पाकिटं. दुसरे येण्याची तीनात एक, त्याची १०. तिसरे येण्याची सहात एक, त्याची साधारण ३.३. बेरीज ३८.३. चिंचोके दुप्पट झाले, पण आशा २५ वरून ५० ला न जाता ३८ ला थांबली.

समोरचा माणूस उठला तेव्हा त्याची २५ पाकिटांची आशा मोकळी झाली होती. त्यातली तेरा-साडेतेरा तुम्हाला मिळाली. उरलेली कुठे गेली? हात चोळत बसलेल्या त्या दोघांकडे. त्यांची आशा एकही पान न खेळता २५ वरून जवळजवळ ३१ वर गेली. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ ही म्हण आपण ऐकत आलोय. इथे ती दशांश चिन्हासकट सिद्ध होते.

म्हणजे हरलात तर २५ जातात आणि जिंकलात तर १३ येतात. असा सौदा केव्हा परवडेल? २५ भागिले ३८.३ केलं तर ६५ टक्के येतात. तुमची पानं शंभरात ६५ पेक्षा जास्त वेळा जिंकणार असतील तरच भिडायचं. रोखीत निम्म्याहून थोडं जास्त असलं की पुरतं. म्हणून समोरच्याने एक्का-बादशहा उघडून दाखवला आणि तुमच्या हातात राणीची जोडी असली, म्हणजे तुम्ही ५७ टक्क्यांनी पुढे आहात हे डोळ्यांनी दिसत असलं, तरी या जागी ती जोडी टाकणंच बरोबर. हे वाक्य मी वर्गात सांगितलं असतं तर पोरांनी एकमेकांकडे बघितलं असतं. पण फळ्यावर भागाकार केला की ते मान्य करण्यावाचून इलाज नसतो.

रावेर-यावलकडच्या माणसाला हे मी केळीच्या भाषेत सांगतो. मे-जूनमध्ये घड झाडावर आणखी आठ-दहा दिवस ठेवला तर वजन भरेल हे बागाइतदाराला माहीत असतं. पण त्याच दिवसांत वादळी वारा सुटतो आणि उभी बाग एका रात्रीत आडवी होते. भाव बरा असेल तर तो थोडं वजन सोडून कापणी करून टाकतो. त्याचा घड काही हलका नसतो. वाढीव वजनाचा फायदा आणि बाग झोपण्याचा तोटा या दोन्ही गोष्टी एकाच काट्यावर तोलता येत नाहीत, एवढंच त्याला कळलेलं असतं.

निंबाखालचा तो डाव

आता आमच्या डावाकडे येतो. नाना ५००, मी ३००, पुतण्या १५०, साडू ५०. वरच्या रीतीने माझी आशा ३१.३ पाकिटं होती. भिडून जिंकलो असतो तर माझ्याकडे ६००, नानांकडे २००, आणि माझी आशा ४०.६. हरलो असतो तर चौथा, म्हणजे शून्य. ३१.३ भागिले ४०.६ म्हणजे ७७ टक्के. मला शंभरात ७७ वेळा जिंकणारी पानं हवी होती. मधले ब्लाइंडचे ३० चिंचोके धरले तर हा आकडा थोडासा उतरतो, फार नाही.

माझा इस्पिकचा एक्का-बादशहा ६७ टक्क्यांचा. आणि तोही नानांनी पानं न बघता ऑल-इन केलं असेल तर. पानं बघून, निवडून केलं असेल तर त्याहून कमी. म्हणजे नाना थापा मारतायत अशी मला शंभर टक्के खात्री असती, त्यांनी स्वतः सांगितलं असतं की मी पानं बघितलीच नाहीत, तरीही ती पानं टाकायचीच होती. गुलामाची जोडी अनोळखी पानांविरुद्ध साधारण साडेसत्त्याहत्तर टक्के जिंकते, ती काठावर. राणीची जोडी, अंदाजे ८० टक्के, पार होते, पण नाना पानं न बघता खेळत असतील तरच.

माझा आकडा ६५ वरून ७७ वर का चढला? साडूंमुळे. साडूंकडे ५० चिंचोके होते आणि बिग ब्लाइंड २० चा. अडीच ब्लाइंडवर माणूस फार डाव तग धरत नाही. ते उठले की माझी किमान २० पाकिटं पक्की. ज्याच्या पायाखालची वाळू सरकतेय असा माणूस डावात बसलेला असताना आपण मोठ्या ढिगावर जाऊन आदळणं म्हणजे त्याच्या वाट्याचं बाहेर जाणं आपण अंगावर घेणं.

याच चित्राची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. समजा पुतण्याने त्याचे १५० ऑल-इन केले असते आणि उत्तर देण्याची पाळी नानांवर असती. नाना हरले तरी त्यांच्याकडे ३५० उरतात, ते डावातून उठत नाहीत. त्यांचा हिशेब केला तर त्यांना फक्त ५३ टक्के पुरतात. डाव तोच, वेळ तीच, आणि एकाला ५३ लागतात तर दुसऱ्याला ७७. म्हणून 'एक्का-बादशहा टाकायचा की नाही' या प्रश्नाला पानांकडे बघून उत्तर देता येत नाही. कोणाकडे किती चिंचोके आहेत, कोण उठण्याच्या बेतात आहे आणि बक्षिसं कशी वाटलीत, हे बघितल्याशिवाय त्या दोन पानांची किंमतच ठरत नाही.

बक्षिसाची पहिली पायरी एका माणसाच्या अंतरावर असते त्या टप्प्याला पोकरमध्ये बबल म्हणतात. अमेरिकेत लास वेगासला दरवर्षी होणाऱ्या जागतिक मालिकेच्या मुख्य स्पर्धेत २०२३ साली १०,०४३ जण उतरले होते. प्रवेश फी १०,००० डॉलर. बक्षीस १,५०७ जणांना मिळालं, शेवटच्या काहींना १५,००० डॉलर आणि पहिल्याला १ कोटी २१ लाख. त्यांच्या मागे राहिलेल्यांना बक्षिसातला एक डॉलरही नाही. असा टप्पा आला की मोठे ढीगवाले मुद्दाम लावायचे चिंचोके वाढवून मारतात, कारण मधल्यांना पानं टाकावी लागणार हे त्यांना माहीत असतं. आमच्या नानांनी हे कुठे वाचलेलं नाही, पण त्यांनी नेमकं तेच केलं. बाजारात कापूस विकणाऱ्या माणसाला समोरच्याची नड ओळखता येते.

मग एक्क्याची जोडीही टाकायची?

हा प्रश्न हमखास येतो. नेहमीच्या बक्षिसांच्या स्पर्धेत, नाही. ७७ टक्के हवे असताना ८५ टक्क्यांची जोडी टाकणं हा तोटाच. पण एका प्रकारच्या स्पर्धेत एक्क्याची जोडी, पानं बघण्याआधीच ठरवून, टाकावी लागते.

त्या प्रकाराला सॅटेलाइट म्हणतात. यात रोख बक्षीस नसतं, मोठ्या स्पर्धेचं तिकीट मिळतं. पहिल्या दहांना दहा सारखी तिकिटं. पहिला आणि दहावा यांत काही फरक नाही. समजा अकरा जण उरलेत. तुमच्याकडे भरपूर चिंचोके आहेत आणि दोघांकडे एक ब्लाइंड भरेल इतकेही नाहीत. तुम्ही नुसते बसून राहिलात तर तिकीट जवळजवळ तुमचंच. अशात तुमच्याइतकेच चिंचोके असलेल्याने ऑल-इन केलं आणि तुमच्याकडे एक्क्याची जोडी आली. भिडलात तर शंभरात पंधरा-अठरा वेळा बाहेर. जिंकलात तर काय मिळालं? तेच तिकीट, जे आधीच तुमचं होतं.

एमपीएससीची पूर्व परीक्षा देणाऱ्या मुलांना हे लगेच कळतं. पूर्व परीक्षेचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत, कट-ऑफ पार केला की झालं. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापतात. कट-ऑफच्या बरेच वर गेल्याची खात्री असेल तर शहाणा मुलगा उरलेल्या प्रश्नांवर अंदाजाने गोळे काळे करत नाही. तो अंदाज साठ टक्के बरोबर असला तरीही. वरच्या गुणांचा उपयोग नाही आणि खालच्यांची भीती आहे.

याच सॅटेलाइटच्या वाटेने ख्रिस मनीमेकर नावाचा अमेरिकी हिशेबनीस २००३ च्या मुख्य स्पर्धेत पोहोचला. ऑनलाइन सॅटेलाइट जिंकून तिकीट मिळवलं आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. पुढच्या काही वर्षांत पोकरची जगभर लाट आली, त्याला त्याचं जिंकणं हे एक मोठं कारण मानतात.

"समोरचा थापा मारत असेल तर?"

मारत असेलही. म्हणून त्याच्या हातात एकच पान धरायचं नसतं, तो कुठल्या कुठल्या पानांवर असं करेल त्याची मनात यादी करायची असते. आमच्या पुतण्याने सगळ्यांच्या आधी वाढवलं आणि मागे सात जण बोलायचे बाकी असले तर त्याच्याकडे काहीतरी आहे. तोच जर शेवटून दुसऱ्या जागेवरून, सगळे पॅक झाल्यावर वाढवत असेल तर यादी लांबलचक होते, तिच्यात सत्त्या-अठ्ठ्याही येतात. लवकर वाढवलं, आणि त्यावर दुसऱ्याने पुन्हा वाढवलं, की यादी फार आखूड होते. अशा वेळी सगळ्यात फसवं पान म्हणजे एक्का-राणी. एरवी छान, पण समोर एक्का-बादशहा असेल तर शंभरात २६ वेळाच जिंकणार. दहाच्या, गुलामाच्या जोडीचंही तसंच. मी स्वतः इथेच सगळ्यात जास्त चिंचोके घालवलेत, म्हणून सांगतो.

मारणारा आणि उत्तर देणारा यांच्यातला फरकही पाहायला हवा. ऑल-इन मारणारा दोन प्रकारे जिंकतो: समोरचे घाबरून पॅक झाले तर, किंवा पानं उघडल्यावर त्याची भारी निघाली तर. उत्तर देणाऱ्याला एकच वाट असते, पानं उघडायची आणि जिंकायची. म्हणून ज्या पानांवर मी स्वतः आनंदाने ऑल-इन मारेन, त्याच पानांवर दुसऱ्याच्या ऑल-इनला उत्तर देणार नाही. नानांनी आधी मारलं नसतं तर त्याच एक्का-बादशहावर मी पुढे सरकलो असतो. पुतण्याला हे विसंगत वाटलं. ते विसंगत नाही, पाळी कोणाची होती याचा तो फरक आहे.

"मग टाकतच बसायचं का?"

अजिबात नाही. हा लेख वाचून कोणी पहिल्या फेरीतच बादशहाची जोडी टाकू लागला तर माझं सांगणं फुकट गेलं. स्पर्धा नुकतीच सुरू झालेली असते, बक्षिसं लांब असतात, तेव्हा चिंचोक्याची किंमत जवळजवळ रोखीसारखीच असते. नऊ जणांच्या डावात तुमच्याकडे बादशहाची जोडी असताना उरलेल्या आठांपैकी कोणाकडे एक्क्याची जोडी असण्याची शक्यता साधारण चार टक्के. चार टक्क्यांच्या भीतीने ती टाकणारा माणूस हिशेबी नाही, नुसता घाबरलेला आहे.

साडूंसारखी अवस्था असेल तरीही थांबून चालत नाही. अडीच ब्लाइंड उरलेला माणूस चांगल्या पानांची वाट बघत बसला तर ब्लाइंडच त्याला खाऊन टाकतात. दहा बिग ब्लाइंडच्या खाली आलात की बऱ्या पानांवर आधी तुम्हीच मारायचं, उत्तर देण्याची वेळ स्वतःवर येऊ द्यायची नाही. टाकण्याचा सगळा विचार मुख्यतः मधल्यांसाठी आहे, ज्यांच्याकडे गमावण्यासारखं आहे आणि ज्यांना एका डावात बाहेर काढू शकेल असा मोठा ढीग समोर आहे.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना लागू. ८० टक्क्यांच्या बाजूने पाच वेळा सगळं लावलंत तर पाचही वेळा टिकण्याची शक्यता ३३ टक्केच उरते. प्रत्येक वेळी तुम्ही बरोबरच होतात, तरी तीनातले दोन जण अशा वाटेत बाहेर पडतात. टाळता येण्यासारखं भिडणं टाळणाऱ्याला म्हणून जास्त डाव बघायला मिळतात.

या गणितालाही मर्यादा आहेत, त्या सांगितल्या पाहिजेत. आयसीएम सगळ्या खेळाडूंना सारखे हुशार धरतं. पुढचा ब्लाइंड कोणावर येणार हे ते बघत नाही. साडू पुढच्याच डावात २० चिंचोके भरणार होते ही गोष्ट त्या सूत्रात नाही, माझ्या डोक्यात होती. चौघांचा हिशेब कागदावर दहा मिनिटांत होतो, चाळीस जणांचा होत नाही, त्याला संगणक लागतो. आणि निंबाखाली बसलेल्या माणसाला कागदही मिळत नाही. मीही तेव्हा ७७.१ असं काढलं नव्हतं. पाऊणच्या वर पाहिजे एवढा अंदाज होता, नेमका आकडा रात्री वहीत मांडला.

"शेवटी नशीबच ना?"

एका डावात, हो. मी टाकलेल्या पानांनी त्या दिवशी मधल्या पाचांत बादशहा पकडला असता. पुतण्याने तो मुद्दा तीनदा सांगितला. पण ६७ टक्क्यांची गोष्ट तीनातून दोनदा घडणारच. ती घडली म्हणून ७७ ची गरज खाली येत नाही. निर्णय बरोबर होता की चूक हे त्या क्षणी हाती असलेल्या माहितीवर ठरतं. शेकडो डावांनंतर हिशेबाने खेळणारा पुढे निघतो, आणि तेवढ्या अर्थाने यात कौशल्य आहे, निश्चित आहे.

आणि म्हणूनच पैशांच्या बाबतीत मला हे स्पष्ट लिहायचं आहे. कौशल्य आहे म्हणून पैसे लावणं सुरक्षित होत नाही. शेकडो डावांचा धीर धरायला जी शिल्लक लागते ती आपल्याकडच्या सालदाराच्या, शेतकऱ्याच्या, नोकरी शोधणाऱ्या पोराच्या खिशात नसते. तो दहाव्या डावातच संपतो. २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही आणि पैशांवर पोकर खेळवणारी ॲप्स बंद पडली. त्यावर वाद घालणारे घालतील. मी मोबाइलवर रात्री-रात्री खेळून कापसाचे पैसे संपवलेली घरं ओळखतो, म्हणून मला त्या बंदीचं दुःख नाही. चिंचोक्यांवर हा खेळ तितकाच खोल आहे. वरचं एकही गणित पैशांनी बदलत नाही.

ज्यांना पटलं नसेल त्यांनी घरी एक करून बघावं. एका बाजूला राणीची जोडी उघडी ठेवा, दुसऱ्या बाजूला एक्का-बादशहा. उरलेली ४८ पानं नीट पिसा, मधली पाच उघडा, कोण जिंकलं ते वहीत मांडा आणि पुन्हा पिसा. दहा वेळा करून काही कळत नाही, दहांत एक्का-बादशहा सात वेळाही जिंकून जाईल. शंभरपर्यंत जा. पुतण्याने आखाजीच्या रात्रीच सुरू केलं. पुण्याला परत जाताना वही घेऊन गेला, तेव्हा चौसष्ट डाव झाले होते.